पाळी गेली, पोट आलं

"काकू, जरा कुंपणाशी या ना. पाळी जाऊन दीड वर्ष झालं नि अंग असं सुटलंय की दिवाळीतलं ब्लाउज दंडातच अडकलं."

"दंड राहू दे, पोट मोज. बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की डॉक्टर डोळे वटारतात."

"मोजलं. सांगणार नाही! पण पाळी जाते नि पोट येतं, हा कुठला न्याय?"

"इस्ट्रोजेन घटलं की चरबी मांड्या सोडून पोटावर मुक्कामाला येते. पण सगळं खापर पाळीवर नको फोडू. सुश्रुतानं पाळी बाराव्या वर्षी येते, पन्नाशीला जाते, एवढं लिहिलंय. स्थौल्याची कारणं चरकानं मोजली, त्यात पाळी नाहीच. गोड, जड, स्निग्ध खाणं, बसून राहणं, आईबापांकडून आलेला बांधा, दुपारची झोप. आणि निश्चिंतपणा!"

"निश्चिंत? मग मी काडी असायला हवी होते. नि दुपारी झोपते, कारण रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं जाग येते."

"तिथंच तर मेख आहे! रात्रीची झोप मोडते, तिची भरपाई दुपारी होते, संध्याकाळचं फिरणं बुडतं. वर तुझे सोमवार, गुरुवार, एकादशी…"

"आणि साबुदाण्याची खिचडी."

"भरपूर कुटाची! अगं, मेदानं वाटा अडल्या की वात कोठ्यातच फिरतो, अग्नी पेटवतो, म्हणून जाड माणसाला भूक जास्त, असं चरक म्हणतो. ती नुसत्या उपासानं शमत नाही. पोट भरेल पण अंगी लागणार नाही, असं खा. जव, ज्वारी, मूग, कुळीथ. कोदो तर आपल्या मंडला-डिंडोरीकडचा, तोही त्याच्या यादीत आहे."

"आणि व्यायाम?"

"तो आहेच. उद्यापासून मिसरोद स्टेशनपर्यंत चालायचं. पोहे चालतील, जलेबी नाही. शिवाय चरकानं व्यवायही वाढवायला सांगितलंय."

"म्हणजे?"

"हळू बोल! घरी तुझ्या ह्यांना विचार."

"इश्श, काकू!"

"बरं, थायरॉइड तपासून घे. आता रक्ताचा डाग जरी दिसला तर काढे उकळत बसू नको, सरळ गायनॅककडे जा."

"पण मी एक चूर्ण मागवलंय. महिन्यात चरबी वितळते म्हणे."

"डब्यावर घटक लिहिलेत?"

"'गुप्त नुस्खा' लिहिलंय."

"मग ते तुळशीलाही घालू नकोस. औषधच हवं तर खुशीलाल आयुर्वेद कॉलेजच्या ओपीडीत जाऊन वैद्याला नाडी दाखव."

"आठशे रुपये दिलेत हो काकू!"

"डबा चांगला आहे ना? कुळीथ भर त्यात."