लाकडी आंब्याची हद्द

बेळगावकरांपुढे सीमाप्रश्न एकच आहे, हा उभ्या महाराष्ट्रात रूढ असलेला समज सर्वथा निराधार होय. कारण 1967 साली महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्यात ठेवावे आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावी, असा अभिप्राय देऊन दोन्ही गावांची सारखीच पंचाईत केली खरी, परंतु लाकडी आंब्याच्या हद्दीविषयी त्या दस्तऐवजात चकार शब्द नाही.

आमच्या ईशान्येला गोकाक. तेथील धबधब्याची आणि करदंट मिठाईची कीर्ती मोठी असली, तरी रंगीत लाकडी फळांची तिच्याहून उणी नाही. पश्चिमेला आंबोलीचा घाट उतरले की सावंतवाडीची चितारआळी लागते. गंजिफांसाठी विख्यात असलेल्या त्या गावची केळी आणि वांगी इतकी अस्सल, की पाहुण्याने सुरी मागावी. उभय संस्थानांचे आंबे आमच्या काचेच्या कपाटात एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात.

पेन्शनीत निघाल्यावर या दोन सत्तांच्या मध्ये आपलेही एखादे स्वतंत्र संस्थान असावे, अशी महत्त्वाकांक्षा माझ्या मनात उत्पन्न झाली आणि पुण्याच्या भाचीने दिलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या रंगखडूंनी तिला खतपाणी घातले. चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून सांधे बुजवा, वर पांढरा लेप द्या, मग कुंचला उचला, असा परंपरागत कारागिरांचा खटाटोप. येथे मात्र कोऱ्या लाकडावर खडू ओढावा, ओला कुंचला फिरवावा, की रेघ लोपून केशरी रंग पिवळ्यात मिसळतो आणि आंब्याला लाली चढते. अर्थात लाकूड फार खरखरीत असले तर रंग पिऊन टाकते आणि पॉलिशकागदाने अतिशय गुळगुळीत केले तर खडू घसरतो, तेव्हा मध्यममार्ग हवाच. शिवाय हा रंग वाळला तरी पाण्याची ओळख विसरत नाही. रोगणाचा शिक्का बसेपर्यंत त्याची नोंद कच्चीच समजावी. ते रोगणही फवाऱ्याने द्यावे. पाण्यातले रोगण कुंचल्याने चोपडू गेल्यास आंब्याची लाली देठाकडे तबदील होते.

"स्वयंपाकघरात आणू नका म्हणजे झालं," एवढ्या एका शर्तीवर सौभाग्यवतींनी या उद्योगाला मंजुरी दिली. खऱ्या वांग्यांचा दर त्या दिवसांत बराच चढला होता.

फैसल्यासाठी मी निपाणीच्या मामांना पाचारण केले. मामांची हयात तंबाखूच्या वखारीत गेलेली. त्यामुळे चिमटीत धरून, नाकाशी नेऊन, डोळे मिटल्याखेरीज ते कोणत्याही वस्तूविषयी मत देत नाहीत, मग ती सुपारी असो वा भावी जावई. माझे वांगे त्यांनी याच रीतीने तपासले, रोगण न दिलेल्या सालीवरून दमट बोट फिरवले आणि जांभळे झालेले ते बोट धोतराला न पुसण्याची खबरदारी घेत निकाल दिला :

"माल बरा आहे, पण ओला आहे. आत्ता विकू नकोस, भाव पडेल."