शहाण्यांची मतपत्रिका

निवडणूक जवळ आली की आमच्या कट्ट्यावर नाना लोकशाही दुरुस्त करायला घेतात. त्यांचा उपाय ठरलेला: मत फक्त शिकलेल्यांना द्या. फार तर एक छोटीशी परीक्षा ठेवा. प्रश्नपत्रिका कोणी काढायची, हा प्रश्नच नाही. नाना मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत.

कल्पना तशी जुनीच. इंग्रजांच्या राज्यात कर, मालमत्ता किंवा शिक्षण बघूनच मत मिळायचं. 1928 साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. पुढे राज्यघटनेनं 326व्या कलमात तो देऊन टाकला, तेव्हा देशात साक्षर होते जेमतेम 18 टक्के. पहिल्या निवडणुकीत घोडं अडलं ते भलतीकडेच. कितीतरी बायका यादीसाठी स्वतःचं नावच सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको', बस्स. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा सुमारे 28 लाख जणींना यादीबाहेर ठेवलं. नाव सांगा, मत घ्या. पाटी-पेन्सिल कोणी मागितली नाही.

आणि नानांच्या स्वप्नातली निवडणूक तर आपल्याकडे होतेच की! विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 पदवीधरांच्या. यादीत नाव घालायला पदवीचा पुरावा जोडावा लागतो. एवढ्या विद्वानांनी करायचं काय, तर केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेननं आवडत्या उमेदवारापुढे 1 हा आकडा काढायचा. तरी मोजणीच्या टेबलावर काय काय निघतं! कुणी पेपर तपासल्यासारखी बरोबरची खूण केलेली. कुणी अक्षरांत 'एक' लिहिलेलं. कुणी दोघांनाही पहिला क्रमांक दिलेला, उगाच एकाला वाईट वाटायला नको. कुणी खाली झोकदार सही ठोकलेली. बाद मतांचा आकडा हजारांत जातो.

तिकडे ग्रामपंचायतीला रानातून परस्पर केंद्रावर आलेली बाई सरपंचाचं एक आणि प्रभागातल्या जागांची दोन-तीन, अशी मतं एका दमात देऊन मोकळी होते. जागेगणिक मतपत्रिकेचा रंग वेगळा. कुठल्या रंगावर कुठलं बटण दाबायचं, हे तिचं घरूनच ठरलेलं असतं, आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

तेव्हा परीक्षेला माझी हरकत नाही, फक्त प्रश्नपत्रिका या बाईनं काढावी. प्रश्न पहिला, दोन गुण: या महिन्यात रेशनच्या दुकानात काय आलं नाही? प्रश्न दुसरा, तीन गुण: टाकीचं पाणी कुठल्या आळीत चढत नाही? प्रश्न तिसरा, पाच गुण: मागच्या वेळी हात जोडून गेलेला माणूस त्यानंतर गावात किती वेळा दिसला? उत्तर आकड्यात लिहावं, जांभळ्या शाईनं. अक्षरांत लिहिल्यास, किंवा खाली सही केल्यास, गुण मिळणार नाहीत.