नुसतं लावून बघते

आमच्या मजल्यावरच्या छायावहिनींकडे नेलपेंटच्या साठ-पासष्ट बाटल्या आहेत आणि त्यांतली एकही आजवर संपलेली नाही. मी एकदा भाबडेपणाने विचारलं, "वहिनी, एवढ्या कधी वापरणार?" पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला 'पत्रं कधी टाकणार' असं विचारल्यावर तो ज्या नजरेने बघेल, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "वापरायला कुठे आणल्यात अगं? नुसतं लावून बघायचं होतं."

या एका वाक्यात वहिनी पुऱ्या आल्या. नटणारी बाई वेगळी आणि लावून बघणारी बाई वेगळी, हे मला त्यांच्या शेजारात राहून कळलं. नटणारीला कुठेतरी जायचं असतं, कुणीतरी बघावं असं वाटत असतं. लावून बघणारीला कुठेही जायचं नसतं. भाच्याच्या लग्नात सगळं घर पार्लरमधून चकचकीत होऊन आलं आणि वहिनी तेवढ्या कोऱ्या ओठांनी उभ्या! आदल्या रात्री अकरा लिपस्टिका लावून पुसल्यामुळे ओठ इतके हुळहुळे झाले होते की बाराव्या शेडची सोयच उरली नव्हती. "पण ठरलं होतं कुठली लावायची ते," असं त्यांनी मला मंगलाष्टकं चालू असताना कानात सांगितलं. अक्षता टाकणाऱ्या त्यांच्या हातावर मात्र मनगटापासून कोपरापर्यंत त्या अकरांच्या फिकट रेघा दिसत होत्या.

वहिनींचं वय सत्तेचाळीस, नोकरी बँकेत, मुक्काम डोंबिवली पूर्व. सोसायटीतली पोरं त्यांना पाठीमागे 'शेडवहिनी' म्हणतात. नावाचं हे अचूक भाषांतर पोरांनी मुद्दाम केलं की आपोआप झालं, कोण जाणे.

आपल्याकडे सहा ऋतू आहेत. वहिनींकडे ते कंपन्या ठरवतील तेवढे असतात. गणपती गेले की त्यांच्या मोबाइलवर 'फॉल कलेक्शन' येऊन थडकतं. मरून, जांभूळ, विटकरी, कॉफी, सगळे रंग कसे जाड स्वेटर घातल्यासारखे. बाहेर ऑक्टोबर हीट सुरू झालेली असते, पंख्याखाली बसलं तरी पाठीवरून घाम ओघळत असतो आणि वहिनी मॅट बर्गंडी लावून, ओठ कोरडे पडल्यामुळे न हसता, खिडकीत उभ्या असतात. समोरच्या पिंपळाचं पानही हललेलं नसतं, मग गळणं तर दूरच. आपली पानगळ शिशिरातली. माघ-फाल्गुनात खरोखर पानं गळायला लागतात, तेव्हा कंपन्यांचा वसंत आलेला असतो आणि वहिनी फिकट गुलाबी लावून वाळक्या पानांवरून कचकच चालत स्टेशनला निघतात. बाटल्यांतले ऋतू थंड मुलखातल्या पंचांगाने चालतात, त्याला वहिनी तरी काय करणार?

पहिल्यांदा 'फॉल' आला तेव्हा वहिनींच्या सासूबाईंनी, म्हणजे आम्हां सगळ्यांच्या आजींनी, एकच प्रश्न विचारला होता. "पिको पण करून देतात का गं त्यात?"

दुकानातल्या वहिनी बघायच्या तर आपल्यापाशी निदान दीड तास हवा. काउंटरवरच्या टेस्टर लिपस्टिका शेकडो बायकांनी हाताळून बोथट केलेल्या असतात. त्या ओठांना लावायच्या नाहीत, एवढं पथ्य वहिनी पाळतात. पण हाताला पाळायचं काही कारण नाही. आधी स्वतःचा डावा हात भरतो, मग उजवा, मग माझा. माझ्याशी असलेल्या मैत्रीत माझ्या गोऱ्यापान नसलेल्या मनगटाचा वाटा मोठा आहे. "तुझ्यावर खरा रंग कळतो," असं त्या म्हणतात आणि मी ते कौतुक समजून घेते. मग खरी परीक्षा सुरू होते. साडीचा रंग जसा दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात बघायचा, तसाच लिपस्टिकचाही बघायचा, असा त्यांचा दंडक आहे. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यात विटकरी वाटलेला रंग बाहेर सरळ सरळ गाजर निघतो, हे मीही पाहिलंय. म्हणून वहिनी हात पुढे धरून दाराबाहेर जातात, त्यांच्यामागून मी आणि माझ्यामागून दुकानाचा वॉचमन. आता वॉचमनही हाताकडे बघून मान हलवतो. एकदा तर त्याने "वो दूसरावाला" असं मतही दिलं होतं.

खरेदीला कारण लागतं आणि ते वहिनी इतिहासातून काढतात. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जातं म्हणून पंडित नेहरूंनी टाटांना मनावर घ्यायला लावलं आणि 1952 मध्ये लॅक्मे निघाली, हे त्या कीर्तनकाराच्या ठसक्यात सांगतात. नाव घेतलं लेओ दलिबच्या 1883 च्या फ्रेंच ऑपेऱ्यावरून. ऑपेऱ्यातली लॅक्मे कोण, तर भटजींची मुलगी. लॅक्मे म्हणजे मुळात आपली लक्ष्मीच, फ्रेंचांच्या तोंडून आलेली. "मग लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी घरात आणली तर बिघडलं कुठे?"

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, पेपरातून डोकं वर न काढता विचारतात, "शेवटी काय होतं तिचं?"

"विष खाऊन मरते. धोत्र्याचं पान."

"बिल बघून?"

दादांचा विरोध तेवढाच. कारण त्यांच्या स्कूटरला पार्किंगमध्ये ओरखडा पडला तेव्हा तो वहिनींच्या चेरी रेडने बुजवला गेला आणि आजतागायत कुणाच्या लक्षात आलेला नाही. मोटारीचे जुने लॅकर रंग आणि नेलपेंट, दोघांचं मूळ नायट्रोसेल्युलोज. "सगोत्र आहेत हो," असं वहिनींनी तेव्हा दादांना समजावलं होतं. तेव्हापासून वहिनींच्या न संपणाऱ्या बाटल्या इमारतीच्या कामाला लागल्या. पाण्याच्या पंपाचं चालू बटण हिरवं आणि बंद बटण लाल आहे, ते त्यांचंच. हळदीकुंकवाला एकमेकींकडे गेलेले स्टीलचे डबे बुडावरच्या ठिपक्याने आपापल्या घरी परत येतात. कुणाच्या खोट्या बांगड्या काळ्या पडू नयेत म्हणून आतून पारदर्शक हात फिरवायचा असला तर ती बाई वहिनींचीच बेल वाजवते.

आता एक बाटली उघडताना त्यांना बघा. मागच्या दिवाळीची असली तर झाकण घट्ट बसलेलं असतं. आट्यांमध्ये रंग सुकून गच्च धरलेला असतो. दात लावायचा नाही, पक्कड लावायची नाही. कपभर गरम पाण्यात बाटली मानेपर्यंत उलटी धरायची, झाकणाला रबरबँड गुंडाळायचं आणि एक पीळ. मग बाटली खळखळ हलवायची नाही, बुडबुडे होतात. रवीसारखी दोन तळहातांत घुसळायची. आतल्या बारीक गोळ्या टिकटिक वाजू लागल्या की वहिनींचा चेहरा समईसारखा उजळतो. रंग दाट झाला असला तर मी एकदा रिमूव्हरचे दोन थेंब टाकायला सुचवलं होतं. आमटीत दूध ओतायला सुचवावं तशा त्या दचकल्या. रिमूव्हरने पातळ होतं, पण मग रंग धरत नाही, त्याला थिनर वेगळा मिळतो. ब्रश बाटलीच्या काठाला एका बाजूने निपटायचा, नखाच्या मुळाशी केसभर जागा सोडून ठेवायचा आणि तीन फटकारे, आधी मधला, मग कडेचे दोन. चौथा मारला तो फसला. हे सगळं चालू असताना त्या श्वास सोडत नाहीत. बाहेर गॅसवर दूध उतू जात असलं तरी नाही.

नंतर वाळवणं, म्हणजे वहिनींच्या आयुष्यातली एकमेव निष्क्रिय पंधरा मिनिटं. बोटं पसरून बसलेल्या बाईला दार उघडता येत नाही, फोन घेता येत नाही आणि नाक खाजलं तर कुणालातरी बोलवावं लागतं. वरून कोरडं वाटतं तेव्हा आत ओलंच असतं. धीर धरला नाही आणि झोपलं, की सकाळी चादरीची वीण नखांवर उमटलेली दिसते. जुलैत तर हवेतलं पाणी त्या रंगावर बसून तो धुरकट होतो. वहिनी पावसाळ्यावर रागावतात त्या एवढ्याच कारणासाठी. एरवी लोकल बंद पडली तरी त्यांची तक्रार नसते.

नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग असतात, त्यामुळे तेव्हा आम्ही त्यांच्या घरी जात नाही. रोज रात्री रिमूव्हर, रोज पहाटे नवा रंग. सोमवारचा पांढरा त्यांना सगळ्यात छळतो, कारण पांढऱ्यावर ब्रशच्या रेघा राहतात. शनिवारी राखाडी लावून कॅश काउंटरवर बसल्या तेव्हा एका ग्राहकाने "मॅडम, बोटं दारात सापडली का?" अशी चौकशी केली होती.

एका वर्षी घाईत बेस कोट न लावता गडद लाल रंग महिनाभर ठेवला आणि नखं हळदीसारखी पिवळी पडली. डाग पुसून जाईनात, लिंबाने जाईनात. नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं, त्याच्याशी घासाघीस चालत नाही. दिवाळीचा डाग अक्षयतृतीयेला गेला. तेवढे दिवस वहिनींनी कुणाच्या हातांवर प्रयोग केले असतील? माझे होतेच. पण त्यापेक्षा चांगले हात त्यांना घरातच मिळाले.

आजी ब्याऐंशीच्या. त्यांच्या ट्रंकेत अफगाण स्नोची एक रिकामी बाटली अजून आहे. ही क्रीम मुंबईत 1919 पासून निघत होती, आणि आजींच्या म्हणण्यानुसार नव्या नवरीने ती लावलेली सासूला वासावरून कळायची. बेस कोट म्हणजे काय हे वहिनी समजावू लागल्या तेव्हा आजींनी त्यांना मध्येच थांबवलं. "कळलं. मेण." त्यांच्या आईच्या फणेरपेटीत मेणाची डबी असायची. कपाळाला आधी मेण, मग त्यावर पिंजर, म्हणजे कुंकू धरतं आणि पसरत नाही. "तुमच्या कंपन्यांनी नवीन काय केलं मग?" असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. तो पुढे केलेला हात पुन्हा मागे गेलाच नाही. थरथर असली तरी आजींची नखं रुंद आणि सपाट, रंग सुरेख बसतो. त्यातून त्या दुपारभर हलत नाहीत, त्यामुळे वाळवणंही निर्वेध.

मग आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशीच नवीन जांभूळ आला होता. सकाळी रुग्णालयात नर्सबाईंनी प्राणवायूचं प्रमाण बघायचा चिमटा लावायला आजींचा हात धरला आणि तशाच थांबल्या. नऊवारीतली म्हातारी, तोंडात दात चार, आणि दहाही नखं तकतकीत जांभळी. त्यांना क्षणभर रक्ताभिसरणाचीच शंका आली असावी. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, हे काढावं लागेल हं. गडद रंगाने आकडा चुकू शकतो." वहिनी खाली मान घालून पर्समधली रिमूव्हरची बाटली शोधायला लागल्या. ती होतीच, ती नसेल असा दिवस उगवायचाय.

आजी मात्र म्हणाल्या, "चिमटा किती बोटांना लावता?"

"एकाच."

"मग एकाचंच काढा. बाकीची वाळवायला माझी दुपार गेलीय."

नऊ जांभळी आणि एक कोरं बोट घेऊन आजी आत गेल्या आणि तासाभराने डोळ्याला पट्टी लावून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दादा समोर उभे होते, सून औषधांचा कागद वाचत होती. आजींनी स्वतःचा हात खिडकीशी नेला, उन्हात धरला आणि निरखून बघितला. म्हणाल्या, "छाया, हा जांभूळ नव्हे गं. हा तर वांगी आहे. तू मला काय सांगत होतीस इतके दिवस?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आजींना दिसायला लागलं म्हणून. तेही असेल. पण जाताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "मलाही दुकानात वांगीच वाटला होता."

तुम्ही डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल धरत असाल तर बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली, एका हाताच्या पाच नखांना पाच रंग असलेली बाई तुम्हांला दिसेल. बाई चांगली आहे, ठाण्यानंतर तुम्हांला बसायलाही देईल. फक्त "हा कुठला शेड हो?" असं विचारू नका. मी विचारलं होतं. मला दादरला उतरायचं होतं. उतरले भायखळ्याला, डाव्या हाताला चार रंग लावून आणि पाचवा वाळतोय म्हणून पर्स दातात धरून.