सूत्रांच्या माहितीनुसार खून

रोज सकाळी महाराष्ट्रातलं एक तरी शहर हादरतं. सोमवारी नागपूर, मंगळवारी पुणे, बुधवारी संभाजीनगर. वेधशाळेला पत्ता नसतो, वाहिन्यांना असतो.

मात्र हादरण्यासाठी खून योग्य पत्त्यावर व्हावा लागतो. 2008 मध्ये नोएडात एका डॉक्टर दांपत्याची मुलगी मारली गेली आणि घरोघरच्या दिवाणखान्यात गुप्तहेर जन्माला आले. तपास जागच्या जागी, चारित्र्याची चिरफाड मात्र रोज रात्री नऊला. 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आईवडिलांना निर्दोष सोडलं. तोवर प्रेक्षक कधीच निकाल देऊन झोपले होते.

त्याआधी, 29 सप्टेंबर 2006 ला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने जिवे मारलं. मोठ्या माध्यमांना जाग कधी आली? महिनाभराने, मोर्चे निघाल्यावर. तोवर 'अनैतिक संबंधांतून' एवढं कारण पुरलं होतं.

ओबी व्हॅनला डांबरी रस्ता लागतो.

2020 मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेला आणि पोलिसांना जणू रजाच मिळाली. ऑगस्टअखेर तिमाहीचा जीडीपी 23.9 टक्के घसरल्याचा आकडा आला. कॅमेरे कुठे? सुशांतच्या मैत्रिणीच्या इमारतीखाली. तिथे टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनलाही गाठून घेरलं! बिचारा कुठल्या कटात सामील होता, हे सूत्रांनी अजून सांगितलेलं नाही. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या माध्यमखटल्यावरून वाहिन्यांचे कान उपटले. 2025 मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला.

दिलगिरी? छे, आम्ही तर फक्त प्रश्न विचारत होतो.

आता एक कबूल करायला हवं. 2024 मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दुचाकी उडवली, त्या प्रकरणात ओरड झाली नसती, तर 300 शब्दांच्या निबंधावर सगळं निभावलं असतं. पण तीच दुचाकी एखाद्या टेम्पोने उडवली असती तर? आतल्या पानावर चार ओळी. त्यातही टेम्पोचालक फरार.

पडद्यावरचा गुन्हेगार कायम अनोळखी, कोयता घेऊन अंधारातून येणारा. सरकारी नोंदी वेगळंच सांगतात. 2022 मध्ये देशात 28,522 खून नोंदले गेले, आणि कारणांत पहिला नंबर साध्या भांडणतंट्यांचा. बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीतले. पण काका, शेजारी, शिकवणीचे सर यांच्यावर थरारक पार्श्वसंगीत कसं वाजवणार? ते तर आपल्याच सोफ्यावर बसून बातम्या बघत असतात.

त्याच 2022 मध्ये रस्त्यांवर किती मेले? 1,68,491. खुनांच्या जवळपास सहापट. एकही शहर हादरलं नाही.

खड्ड्याचं कुणाशी प्रकरण नव्हतं ना!