पलीकडे पास्ता झाला!

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा भिंतीशी या, कपडे घाला नंतर वाळत. पलीकडच्यांकडे परवा पास्ता झाला. हो, त्याच घरात! गुरुवार आणि मुगाची खिचडी, एवढंच तर माहीत त्या स्वयंपाकघराला... मी आपली विरजण मागायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांदेखत.

गुरुवार म्हणजे भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी, तेव्हा मुलगा घरीच. सूनबाई चाकणहून येईपर्यंत पावणेनऊ, तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकचं तुम्हाला मी काय सांगू! तर तोवर या पठ्ठ्यानं भाज्या चिरून ठेवलेल्या. गाजर, फरसबी, ढोबळी मिरची. आईच्या देखत! सासूबाईंचा चेहरा असा पडला की बास.

आणि मग सुरूच झाल्या, "हा मैद्याचा लगदा खाऊन पोट बिघडलं की मला सांगू नका." सूनबाई काय शांत हो! पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "आई, पास्ता ड्युरमचा असतो. म्हणजे आपला बन्सी गहू." बन्सी म्हटल्याबरोबर म्हातारी गप्प. माहेरी बन्सीच्या रव्याचा शिरा व्हायचा ना त्यांच्या... वर ती म्हणते, पुण्यातल्या आघारकर संस्थेनं बन्सीचा वाण काढलाय, एमएसीएस 4028, प्रोटीन 14.7 टक्के. 4028 माझ्या लक्षात राहिला, आमच्या जुन्या गाडीचा नंबरच तो.

तर काय सांगत होते... हां, चीज! नणंदबाईंनी फॉरेनहून आणलेलं पार्मेझान. सासूबाई कौतुकानं किसायला बसलेल्या, लेकीनं आणलंय म्हणून. सूनबाईनं पुडा उलटा करून वाचला आणि हळूच म्हणाली, "आई, हे राहू दे. खरं पार्मेझान वासराच्या पोटातलं रेनेट घालून करतात." अगंबाई! किसणी तिथेच टाकली, हात धुतले तीनदा. गुरुवार ना! नणंदबाई अशा बघायला लागल्या जशी काही चोरी पकडलीय. मग फ्रिजमधून आपलं मंचरचं चीज निघालं, पुड्यावर हिरवा ठिपका तपासून. नाशिक रोडनं चाकणच्या पुढे तासाभरावर तर मंचर, आणि आपण फॉरेनचं कौतुक करायचं.

सॉस करायला काही नाही हो. दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा, मंद गॅसवर, कच्चा वास जाईस्तोवर, पण लाल नाही करायचा. (हो, मैदा! पण तेव्हा सासूबाई पुन्हा हात धुवायला गेल्या होत्या.) मग दोन कप दूध थोडं थोडं घालत हलवत राहायचं, नाहीतर गुठळ्या. भाज्या वेगळ्या, मोठ्या आचेवर, पाणी सुटू न देता. आणि चीज गॅस बंद केल्यावरच! उकळत्यात टाकलं की रबर होतं आणि तेल सुटतं. माझ्या जावेचं दरवेळी असंच होतं, तिला सांगायची सोय नाही.

नणंदबाई निघाल्या पास्त्याचं पाणी सिंकमध्ये ओतायला. "थांबा!" सूनबाई ओरडली, पहिल्यांदाच आवाज चढलेला ऐकला मी तिचा. त्या पाण्यात पिठूळपणा उतरलेला असतो ना, वाटीभर घातलं की सॉस सैल होतो आणि पास्त्याला धरूनही राहतो. पास्ताही मिनिटभर आधी, जरा कच्चाच काढायचा, उरलेला सॉसमध्ये शिजतो.

सासरे एवढा वेळ पेपरात. ताट समोर आलं तर म्हणतात कसे, "इटलीचं ना? आम्ही आकुर्डीत इटलीचीच व्हेस्पा जुळवत होतो. 1971ला लायसन्स संपलं त्यांचं, 1972ला आपली चेतक आली. कुठे अडलं आपलं?" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं! वरून मिरपूड मागून.

सासूबाईंनी दोन घास खाल्ले, तोंड वाकडं करूनच. पण ताट मात्र स्वच्छ, मी बघितलं ना.

खरी गंमत पुढेच! काल भजनी मंडळात मी मागे बसले होते. या बाई पुढे, पेटी लागायच्या आत चौघींना सांगतायत, "पाणी ओतू नका गं पास्त्याचं, आमच्याकडे असंच करतात." आमच्याकडे! आणि पुढच्या गुरुवारी म्हणे स्वतः करणार, वरून हिंग-मोहरीची फोडणी देऊन. सूनबाईला अजून पत्ता नाही हो...