तुपाचं ऑडिट

लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की बाकीची मंडळी दोन बोटं दाखवतात नाहीतर पानावर आडवा हात धरतात. आमच्या सोसायटीतले ऑडिटरकाका विचारतात, "तळल्यावर निथळत किती वेळ ठेवली होती?" वाढपी "विचारून सांगतो" म्हणतो आणि त्या पंगतीकडे पुन्हा फिरकत नाही. मग मठ्ठाही येत नाही. आजूबाजूची चार पानं काकांच्या नावाने बोटं मोडतात.

काका निवृत्त लेखापरीक्षक. बत्तिसाव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. तेव्हापासून इन्सुलिन, आता दंडावर रुपयाएवढा सेन्सर आणि खिशात पेन. जेवणातली कर्बोदकं मोजून त्या हिशेबाने टोचायचं, हे तर हल्ली बरेच जण करतात. काकांचं प्रमाण १० ग्रॅमला १ युनिट. भात, पोळी, बटाटा सगळं पाठ. एवढ्यावर थांबले असते तर ते चारचौघांसारखे पेशंट राहिले असते. पण एके दिवशी त्यांना कळलं की तूप, तेल आणि मटण यांचाही हिशेब असतो, आणि तो आजवर कोणी तपासलेलाच नाही. लेखापरीक्षकाला याहून मोठं सुख कोणतं?

"कर्बोदकं रोखीची," ते समजावून सांगतात, "खाल्ली की दोन तासांत वसूल. स्निग्ध आणि प्रथिनं उधारीची. तीन-चार तासांनी बिल येतं, आणि तेव्हा तुम्ही घोरत असता." खरंच आहे ते. स्निग्धामुळे जठर सावकाश रिकामं होतं, रक्तातली मेदाम्लं इन्सुलिनचा जोर कमी करतात, आणि भरपूर प्रथिनं खाल्ली की यकृत त्यांतल्या काहींची साखर बनवतं. जेवणाआधी टोचलेलं झटपट इन्सुलिन तोवर आवरतं घेत असतं.

या ज्ञानाने काकांच्या संसारातला एक जुना खटला निकाली निघाला. रविवारी मटण झालं की झोपताना साखर १३०, आणि सोमवारी सकाळी २६०! काकू वर्षानुवर्षं लाडवांचा डबा मोजत आल्या होत्या. काका रात्री उठून हात मारतात, असा त्यांना संशय. डबा दोनदा माळ्यावर गेला होता. सेन्सर लागल्यावर आलेख दिसला: रात्री एकपर्यंत सपाट, मग चढण. गुन्हेगार मटण होतं. काकांनी आलेखाची छापील प्रत काढून फ्रिजवर लावली. काकू म्हणाल्या, "बरं. पण मग लाडू कोण खात होतं?" त्यावर काकांनी विषय बदलून पोलंडकडे नेला.

पोलंड हे त्यांचं पंढरपूर. वॉर्सातल्या डॉ. एवा पांकोव्स्का यांची पद्धत त्यांना तोंडपाठ: स्निग्धाच्या ग्रॅमला नऊने गुणा, प्रथिनांच्या ग्रॅमला चारने, बेरीज करा, दर १०० कॅलरी म्हणजे १० ग्रॅम कर्बोदकं धरा, आणि त्याचं इन्सुलिन पंपाने काही तासांत विभागून द्या. प्रयोगांत पिझ्झाच फार येतो, ही काकांची तक्रार. पुरणपोळीला कोणी विचारत नाही.

म्हणून पुरणपोळीचं त्यांनी स्वतः केलं. वर २५ ग्रॅम तूप, म्हणजे २२५ कॅलरी, म्हणजे सव्वादोन युनिट. त्यांचं पेन अर्ध्या युनिटाने सरकतं. उरलेला पाव युनिट कुठल्या खात्यात टाकायचा, या विवंचनेत पोळी गार झाली.

आचाऱ्यांचं मात्र मला वाईट वाटतं. एका मुंजीत काकांनी भटारखान्यात जाऊन चौकशी केली. तीनशे पानांना तेलाचे दोन डबे. तीस किलो भागिले तीनशे, माणशी शंभर ग्रॅम, नऊशे कॅलरी, नऊ युनिट! काका चेहरा पाडून परतले. "कढईत उरलेलं तेल वजा केलंत का?" मी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं आणि परत भटारखान्याकडे धावले.

घरी तर पंचाईतच. काकूंचं माप "हाताला सुटेल तेवढं". काकांनी स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. काकू त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवतात.

त्यांच्या डॉक्टरांनी एकदा हिशेबाची वही पाहिली आणि शांतपणे सांगितलं, गणित बरोबर आहे, पण पूर्ण आकडा टोचू नका. पूर्ण हिशेबाने टोचणाऱ्या बऱ्याच जणांची साखर मागाहून घसरते. थोड्यापासून सुरुवात करायची, जेवणानंतर, वेगळा डोस. आणि आलेख बघून आमच्याशी बोलून वाढवायचा. काकांना हे लागलं. मंजूर रक्कम पूर्ण अदा न करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. पण रात्री दोनला सेन्सर कोकलला, आकडा ६२ निघाला, आणि काकूंनी ग्लुकोज पाजून पंधरा मिनिटं शेजारी बसून काढली, तेव्हापासून ते ऐकतात.

माणूस वैताग आणतो, पण त्याचा मुद्दा चुकीचा नाही. तेव्हा त्यांना जेवायला जरूर बोलवा. फक्त "काही विशेष नाही, घरचंच साधं" असं म्हणू नका. तेल किती घातलंत ते सांगा, ग्रॅममध्ये.