सुप्याचा शोध

कऱ्हाटी नावाचं गाव पृथ्वीवर आहे की नाही, याबद्दल जगातल्या ग्रंथालयांचं एकमत नाही. आमच्या मते आहे. बारामती तालुक्यात, कऱ्हेच्या काठी, सुप्याहून फार लांब नाही. पण ऑनलाइन ग्रंथसूचीच्या चौकटीत ‘कऱ्हाटी’ लिहिलं की कधी काहीच येत नाही, कधी कराड येतं, कधी कऱ्हाड्यांचे कुलवृत्तान्त येतात, आणि रोमन लिपीत लिहिलं तर यंत्र अदबीनं विचारतं, ‘आपल्याला कराची म्हणायचं होतं का?’

यात सगळा दोष यंत्राचा नाही. मेख त्या ‘ऱ्हा’त आहे. हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. सूची करणाऱ्यानं एका तऱ्हेनं लिहिलं आणि शोधणाऱ्यानं दुसऱ्या तऱ्हेनं, की जन्मात गाठ पडत नाही. (‘तऱ्हा’ या शब्दाचीही तीच तऱ्हा.) त्यातून मराठी माणूस कुठल्याही नावाला विभक्ती लावल्याशिवाय सोडत नाही. गाव सुपे, पण माणूस राहतो सुप्यात, बाजार सुप्याचा आणि आडनाव सुपेकर. इंग्रजीवर पोसलेल्या यंत्राला ही सगळी एकाच घरातली माणसं आहेत हे पटवायचं कसं? नुसतं ‘कऱ्हेचे’ लिहून पाहावं तर आधी आचार्य अत्रे भेटतात, कारण आत्मचरित्राला त्यांनी नावच ‘कऱ्हेचे पाणी’ दिलंय. मग नदी राहते बाजूला आणि माणूस तासभर सासवडात रमतो. हे नुकसान आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. ऑनलाइन ग्रंथालयांचा नाद मला शिकवण्याच्या निमित्तानं लागला आणि मग त्यातून शिकवणं कमी व नाद जास्त होत गेला. ही ग्रंथालयं कशी चालतात हे शहरातल्या माणसाला समजवायला प्रशिक्षणवर्ग लागतात. आमच्या भागात नीरा डावा कालवा समजलेला असला की पुरतं. हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, मोठी विद्यापीठं. त्यांच्या दारातून पाणी बारमाही वाहतं आणि ते त्यात ऊस लावतात. मध्यावर महाविद्यालयं, त्यांना गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून नावानिशी पासवर्ड मिळतो, म्हणजे नमुना सात भरून मिळालेलं पाणी. आणि टेलला शाळा. १ जानेवारी २०२५पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ नावाचं मोठं आवर्तन सुटलं: तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ६,३००हून अधिक संस्था. केंद्र-राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था त्यात भिजल्या. शाळा त्या यादीत नाहीत. टेलवाल्याला याचं फार आश्चर्य वाटत नाही. त्याला पाझराची सवय असते, आणि पाझर बराच आहे. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, शोधगंगा, कृषिकोश, मराठी विश्वकोश, अमेरिकेतलं इंटरनेट अर्काइव्ह, ही सगळी फुकट. पाझराच्या पाण्यावरही पीक निघतं, फक्त बी बघून टाकावं लागतं.

आमचं बी म्हणजे १२ मे १८७५. त्या दिवशी, बुधवार होता, आजूबाजूची रयत सुप्यात जमली आणि तिनं सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून, ओढून घेऊन जाळले. काही ठिकाणी दुकानं लुटली, घरंही पेटली. लोण नंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात ही हकिगत आहे. दिल्लीतली मुलं सुप्याचं नाव पाठ करून परीक्षेला बसतात. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणाचा विश्वास बसेना.

“आपल्या सुप्यात? बाजाराच्या?”

“त्याच.”

“मग आमच्या घरात कुणी बोललं कसं न्हाई?”

हा प्रश्न रास्त होता. म्हटलं, शोधा. शाळेचे संगणक सुरू झाले, एकाच्या मोबाइलवरून नेट ओढलं आणि पोरांनी सुपे शोधायला घेतलं. पहिल्या झटक्यात सापडलं ते कर्नाटकातल्या काळी नदीवरचं सुपा धरण. दुसऱ्या झटक्यात पारनेर तालुक्यातलं सुपा आणि तिथली एमआयडीसी. “सर, ह्ये लईच मोठं झालंय की सुपं,” असा एकाचा अभिप्राय पडला. आमचं सुपे इंग्रजी कागदांतही ‘सुपा’च आहे, म्हणून तिघांची सरमिसळ. मार्ग निघाला तो जुन्या तालुक्यामुळे. त्या काळी हा मुलूख भीमथडी तालुक्यात मोडायचा. सुप्याला भीमथडीची जोड दिल्याबरोबर धरण आणि एमआयडीसी दोन्ही वाहून गेली आणि १८८५ साली छापलेला पुणे जिल्ह्याचा गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला अठरावा खंड, समोर येऊन उभा राहिला. ज्यांना भीमथडी म्हटल्यावर तट्टू किंवा पुण्याची जत्रा एवढंच आठवायचं, त्यांना तो एकदम कामाचा शब्द वाटू लागला.

पुढची अडचण नावाची नव्हती, नाव ठेवण्याची होती. सुप्याच्या प्रकरणाची कागदपत्रं हवी असतील तर ‘दख्खनचे दंगे’ हे शब्द इंग्रजीत लिहावे लागतात, कारण चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानं त्याला दंगा म्हटलं. वह्या जाळणाऱ्यांनी त्याला काय म्हटलं असेल कोण जाणे, पण त्या शब्दानं शोधून काही येत नाही. म्हणजे आपल्या शेजारच्या गावाला पोचायचं तर आधी साहेबाच्या तोंडानं त्याचा उच्चार करायचा, मग साहेबाच्या नजरेनं त्याला नाव ठेवायचं, आणि मग ते दार उघडणार. मी शोध घ्यायला शिकवतो म्हणजे निम्मा वेळ हेच शिकवतो.

मराठी टिपणात एके ठिकाणी ‘रयतेनं खतं जाळली’ असं वाक्य आलं. वर्ग बुचकळ्यात पडला. युरियाचं पोतं काय भावानं मिळतं हे घराघरात माहीत. ते जाळील कोण? मग कोश काढावा लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७च्या आवृत्तीचा, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठानं ऑनलाइन ठेवलेत. खत म्हणजे कर्जरोखा, हे कऱ्हाटीच्या पोरांना शिकागोहून कळलं. सुप्याला जायचं तर एसटीची वाट बघावी लागते. शिकागो त्या मानानं सोईचं पडतं.

एका मुलीनं मात्र सगळ्या कोशांच्या पलीकडचा प्रश्न टाकला. “सर, त्यांनी वह्या जाळल्या, मग त्यात काय लिव्हलं होतं ते आपल्याला कळणार कशावरनं?”

कळणार नाही. जे जळलं ते कुठल्याही ग्रंथालयात नाही, खरगपुरात नाही, शिकागोत नाही. जे सापडतं ते नंतर सरकारनं लिहिलेलं: साक्षी, जबान्या, तक्ते, आणि त्याच्या पाठोपाठ आलेला १८७९चा दख्खन शेतकरी कायदा. रयतेनं स्वतः फारसं काही लिहून ठेवलं नाही. लिहिलेल्या गोष्टींचा तिचा अनुभव फारसा चांगला नव्हता.

इंदापूरची गोष्ट वेगळी. शोधनिबंधांच्या जगात इंदापूर हे फार मोठं गाव आहे. प्रिंगलसाहेबाची महसूल-आकारणी इथं फसली आणि मग १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं मोजणी करून तीस वर्षांसाठी दर ठरवले. मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी पुढे ज्या वळणानं गेली तिची सुरुवात इंदापुरातली. त्यामुळे केंब्रिजच्या माणसाला शेतसाऱ्यावर चार ओळी लिहायच्या असल्या तरी इंदापूर ओलांडता येत नाही. तीस वर्षं १८६६च्या आसपास भरली, नवे दर चढले, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाची तेजी उतरली होती, आणि त्याचं टोक नऊ वर्षांनी सुप्यात निघालं. हा धागा जेस्टोरवरच्या दोन लेखांतून हाती लागला, ते नाव नोंदवलं की वाचता येतात. इंदापूरकडून येणारी दोन पोरं तेव्हापासून वर्गात जरा सैल बसतात. माझं मत विचाराल तर पाठ्यपुस्तकातल्या दहा उठावांपेक्षा असा एक धागा मुलांनी स्वतः उसवलेला बरा. अभ्यासक्रम वेळेत पुरा होत नाही हे खरं. पण तो माझा तसाही कधी होत नसे.

शोधताना ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ असे शब्द घालायचे असतात. सुपा आणि भीमथडी, पण काळी नदी नाही. या युक्तीचं मूळ जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाच्या १८५४च्या ग्रंथात. या बूलसाहेबांनी लग्न केलं ते मेरी एव्हरेस्टशी, आणि ही मेरी जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. तो एव्हरेस्ट म्हणजे ज्याचं नाव शिखराला दिलं तो. इंदापूरची मोजणी चालू होती तेव्हा तो हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल होता. याचा आपल्या विषयाशी काडीचा संबंध नाही. पण ऑनलाइन ग्रंथालयात रात्री साडेअकराला माणूस असल्याच काड्या गोळा करत बसलेला असतो.

मोरोपंतांचंही असंच. बारामतीचे पंत, आर्या आणि केकावलीचे, एकशे आठ रामायणांचे. पण नुसतं मोरोपंत लिहावं तर छत्रपतींचे पेशवे मोरोपंत पिंगळे पुढे येतात, त्यांच्यामागून राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे. परदेशी सूचींत तर काही ठिकाणी शेवटी एक अ जोडून पंतांचं ‘पंता’ केलेलं. बारामतीत नाईकांच्या आश्रयानं राहून ज्यांनी ओठांना ओठ न लावता म्हणायचं निरोष्ठ रामायण रचलं, त्यांना नावातली एवढी अडचण सोसली असती असं वाटतं. त्यांनी त्यातूनही एक रामायण काढलं असतं.

आता शोधगंगेबद्दल. पीएच.डी.चे प्रबंध ऑनलाइन द्यावेत असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००९चा नियम. ते इन्फ्लिबनेटच्या या भांडारात साठतात. एकेक प्रबंध तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेला: पहिला तुकडा मुखपृष्ठ, दुसरा प्रमाणपत्र, मग प्रतिज्ञापत्र. जुने मराठी प्रबंध पुष्कळदा नुसते छायाचित्रासारखे टिपलेले, किंवा त्या काळच्या फॉन्टात बांधलेले, त्यामुळे आतला शब्द शोधाला लागत नाही. पान पान उलटावं लागतं. उलटता उलटता मला ऋणनिर्देशाचं व्यसन लागलं. प्रबंध कसाही असो, ऋणनिर्देश मनापासून लिहिलेला असतो. मार्गदर्शकांचे आभार, मार्गदर्शकांच्या पत्नीचे चहाबद्दल आभार, सासऱ्यांचे, टंकलेखन करून देणाऱ्याचे, ग्रंथालयातल्या शिपायाचे, आणि शेवटी ‘माझ्या चिमुकल्यांचा वेळ मी हिरावला’. ‘साहित्याचा आढावा’ या दुसऱ्या प्रकरणात जो संशोधक एक वाक्य स्वतःचं लिहीत नाही, तो इथं साक्षात माणूस म्हणून भेटतो. वह्या जाळणाऱ्या मुलखात उधारीची एवढी आनंदानं केलेली नोंद दुसरीकडे नसेल. मुलांना मी सांगतो, प्रबंध खरा की उचललेला हे ओळखायचं असेल तर संदर्भसूची बघा. माणूस बघायचा असेल तर ऋणनिर्देश.

आमच्या या उद्योगाची बातमी घराघरांत गेली. एके दिवशी एका मुलाचे वडील शाळेत आले. टोपी काढून बाकावर ठेवली, जरा इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, “सर, पोरगं म्हणतंय कायबी शोधून काढायला शिकवताय. आमचा सातबारा काढा की जरा. गट नंबर याद न्हाई.”

आता हा खरा डेटाबेस. केंब्रिजमध्ये काही असो, या पंचक्रोशीत सर्वांत जास्त उघडलं जाणारं ऑनलाइन दफ्तर म्हणजे महाभूलेख, आणि विंगेटच्या मोजणीच्याच वंशातलं ते. गट नंबर नसेल तर नावावरूनही शोधता येतं. मी बाजूला सरलो आणि पोराला बसवलं. त्यानं जिल्हा निवडला, तालुका निवडला, गाव निवडलं. बापाचं नाव घातलं. काही नाही. शिकवल्याबरहुकूम त्यानं अक्षरं बदलून पाहिली, ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, मग डोकं चालवून नुसतं आडनाव घातलं. यादी आली. बोट फिरवत फिरवत एका नावावर थांबला.

“दादा, ह्ये तर आज्जाचं नाव हाय.”

“आसंल की.”

“पण आज्जा तर मी व्हायच्या आधी गेला.”

“व्हय.”

पोरानं माझ्याकडं वळून पाहिलं. आम्ही वर्गात प्रत्येक साधन तपासताना विचारायचो तोच प्रश्न त्यानं विचारला. “सर, म्हणजे ह्यो डेटाबेस जुना झालाय, आसंच ना? अपडेट न्हाई.”

मी काही बोलायच्या आत वडिलांनी टोपी उचलून डोक्यावर घातली.

“जुना न्हाई रं,” ते म्हणाले. “भाऊबंदकी हाय.”